दुसरी टक

"बाहेर येतोय," साहेब म्हणाले.

"दिसतंय मला," कात्री म्हणाली.

टेबलावर लाकडाचा एक तुकडा होता आणि त्यावर नवा बोर्ड ठेवला होता. तुकडा साहेबांनी सुताराकडून मुद्दाम तासून घेतला होता, काड्यापेटीहून जरा लांब आणि तिच्याहून पातळ. मांडीवर घेऊन बसायच्या कॉम्प्युटरात मोडेमसाठी तेवढीच जागा सोडलेली होती, आणि त्या जागेत मावेल असा मोडेम जी कंपनी करेल तिला काम मिळणार होतं. मोडेम म्हणजे कॉम्प्युटरला टेलिफोनच्या तारेवरून बोलायला लावणारं यंत्र. साहेबांनी तसले तुकडे करवून प्रत्येकाच्या टेबलावर एकेक ठेवला होता, म्हणजे चहा पितानाही तो नजरेसमोर असावा. कात्रीचा बोर्ड तीन बाजूंनी लाकडावर चोख बसला होता. चौथीकडून मात्र नखाएवढा बाहेर डोकावत होता.

"नखाएवढाच आहे हो," ती म्हणाली.

"नखाएवढा म्हणजे बाहेरच की. झाकण लागणार नाही त्याचं." साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "काय बाई, तुमची धार गेली की काय?"

आजूबाजूचे हसले. कात्रीही हसली, पण उगाच, सगळे हसतायत म्हणून.

कात्री हे काही तिचं घरचं नाव नव्हे. ते तिला या खोलीने दिलं होतं आणि ते तिला चिकटलं. ती कंपनीत आली तेव्हा मोडेम दोन विटा एकावर एक ठेवल्यावर होईल एवढा असायचा आणि तितकाच जड. कुणाच्या पायावर पडला तर तो माणूस चार दिवस लंगडायचा. बोर्डावर कुठला पार्ट कुठे बसेल आणि तांब्याच्या रेघा कुठून कुठे जातील, ते आखायचं तिचं काम. आखता आखता तिला एक खोड लागली. प्रत्येक पार्टकडे बघून ती मनातल्या मनात विचारायची, बाबा रे, तुझं इथे नेमकं काम काय? ज्याला धड उत्तर देता आलं नाही, तो गेला. विटांचा झाला जाडजूड शब्दकोश, शब्दकोशाची झाली वही, वहीची झाली साबणाची डबी. किंमतही तशीच उतरत आली. पूर्वी मोडेम बँकांनी नाहीतर मोठ्या कचेऱ्यांनी घ्यावा, आता शाळेतले मास्तरही घरी घेऊ लागले. हे सगळं काही तिने एकटीने केलं नाही, चिपा लहान करणारे लोक निराळेच होते. पण खोलीत नाव झालं ते तिचं. आणि तिची घरीदारी तीच तऱ्हा. निरोप चार शब्दांत संपायचा, पिशवीत गरजेपेक्षा एक वस्तू जास्त सापडायची नाही, आणि लग्नाचा विषय निघाला तेव्हा तोही तिने असा काही कापला, की पुन्हा कुणी तोंडातून काढला नाही.

"तो रिले काढा की कात्रीबाई," खरेदीवाला म्हणाला. कंपनीला लागणारे सुटे पार्ट हाच माणूस विकत घ्यायचा, आणि कितीतरी दिवसांपासून तो रिलेच्या मागे हात धुवून लागला होता. "सगळे बिचारे वाळून काटक्या झाले, हा एकटाच पोट सुटलेला बसलाय मधोमध. वर दर खेपेला महागतो."

रिले म्हणजे एक चिमुकला खटका. मोडेमला फोनची तार उचलायची असली, की रिलेतलं लोहचुंबक एक पातळ पट्टी ओढून घेतं आणि 'टक' असा आवाज होतो. काम झालं की पट्टी सुटते, पुन्हा 'टक'. आता तेच काम करणारी, आत हलणारं काहीच नसलेली एक बारकी चिप निघाली होती. ती जागा खायची नाही, आवाज करायची नाही आणि स्वस्तात पडायची.

"त्या चिपची चाचणी झाली?" साहेबांनी विचारलं.

"बाकी आहे," कात्री म्हणाली. "तारेवर विजेचे काय काय झटके येतात तुम्हाला माहितीये. घाईघाईने घातली आणि लोकांच्या घरी जाऊन जळाली, तर?"

"तेही खरंच," साहेब म्हणाले. कात्री म्हणते आहे म्हणजे तसं असणारच. "पण सोमवारी मला लाकडात मावलेला बोर्ड दाखवा. नमुना पाठवायचाय."

चाचणी कधीच झाली होती. कात्रीने ती स्वतः केली होती, तारेवर येऊ शकेल ते सगळं त्या चिपवर सोडून पाहिलं होतं, आणि चिप त्यातून सहीसलामत बाहेर पडली होती. इतक्या वर्षांत ती साहेबांशी कधी खोटं बोलली नव्हती. बोलायची वेळच आली नव्हती म्हणा. ती आपल्या जागेवर येऊन बसली.

समोर खिडकीत काचेची एक बरणी होती. बोर्डावरून जो पार्ट कायमचा निघे तो बरणीत जाई, आणि ज्याने तो काढला त्याने बरणीपुढे उभं राहून दोन शब्द बोलायचे, असा त्या खोलीचा रिवाज होता. कुणी सुरू केला ते कुणाला आठवत नव्हतं. दोन शब्द संपले की साहेबांकडून सगळ्यांना चहा. मागच्या खेपेला मोडेमचे आवाज बाहेर ऐकवणारा स्पीकर गेला. काढला कात्रीनेच, पण भाषणाचा मान खरेदीवाल्याने मागून घेतला आणि गळा काढून म्हणाला, "दिवंगत फार बडबडे होते हो, पण मनाने निर्मळ होते!" खोली पोट धरधरून हसली. कात्रीच्याही डोळ्यांतून पाणी आलं होतं हसून. घरी काय होऊन बसेल, ते तेव्हा तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

घरी बाबा होते.

बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक होते. त्यांच्या वेळच्या एक्स्चेंजमध्ये रिलेंची कपाटंच्या कपाटं उभी असायची. गावात कुणी कुणाला फोन लावला, की कपाटांतून टकटक करत तो पुढे सरकायचा. दिवसभर त्यात राहून बाबांना घरी आल्यावर मोठ्याने बोलायची सवय लागलेली, आणि आई त्यावरून त्यांना आयुष्यभर बोलत आली. आता आई नव्हती. बाबांची नजर काचबिंदूने हळूहळू नेली, आधी कडा गेल्या, मग मधलंही गेलं. घरात काय करायचं, काय आणायचं, दार कुणाला उघडायचं, सगळं लेकीच्या डोळ्यांवर चालायचं. बाबा तक्रार करत नसत. नुसते बसून असत, आणि तेच तिला बघवत नसे.

तिचा भाऊ संसार घेऊन फार लांबच्या देशात राहायचा. त्याची मुलगी, म्हणजे कात्रीची भाची, रोज आजोबांना ईमेल पाठवायची. संध्याकाळी कात्री जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर लावी. घरात मोडेम नेहमी कंपनीचा, अगदी नवा, कारण त्यांची फोनची लाइन जुनी आणि खरखरीची. इथे चालला तो कुठेही चालेल, म्हणून ती प्रत्येक नवा नमुना आधी घरी लावून बघे. मोडेम नंबर फिरवी, कुईकुई करी, घसा खाकरल्यासारखा खर्र आवाज काढी, आणि बाबा खुर्चीच्या कडेवर येऊन कान देत.

"आज लाइनीत पाणी शिरलंय," ते म्हणत. नाहीतर, "अगं, पलीकडचा झोपलाय वाटतं." आणि मग एकदम मांडीवर थाप मारून, "लागली!"

ते लागली म्हणाल्याशिवाय कात्री वाचायला घेत नसे. पडद्यावर तिला कधीच दिसलेलं असे. पण ती थांबे. त्या घरात बाबांना विचारून होणारी तेवढी एकच गोष्ट उरली होती.

स्पीकर गेला त्या संध्याकाळी बाबा बराच वेळ कान देऊन बसले. मग म्हणाले, "मुकाच झाला की गं हा."

आपण काय काढून टाकलं, ते कात्रीला त्या क्षणी कळलं. ती काही बोलणार, तेवढ्यात बाबांनी हात पुढे केला, चाचपडत मोडेमची डबी शोधली आणि तिच्यावर बोट टेकवलं.

"थांब. परत लाव," ते म्हणाले. तिने परत लावली. "हा! रिले आहे ना आत? माझ्या ओळखीतला निघाला."

मग ती नवी रीत पडली. पहिली टक झाली म्हणजे तार उचलली. पलीकडे जमलं नाही, तर लगेच दुसरी टक, मोडेमने तार सोडून दिली. आणि दुसरी टक आलीच नाही, तर लागली. बाबा डबीवर बोट ठेवून वाट बघत. टक झाली की श्वास धरत. दुसरी येत नाही अशी खात्री पटली की मांडीवर थाप, "लागली!" पत्र वाचून झालं की कात्री लाइन बंद करी. तेव्हा दुसरी टक येई, ठरलेली, आणि बाबा "झालं" म्हणून खुर्चीतून उठत. त्यांचा दिवस तिथे संपे.

आता तो रिले निघणार होता. साबणाच्या डबीएवढा जुना मोडेमच घरात राहू दिला असता, तर प्रश्न नव्हता. पण ज्या लोकांना फोन लावून ईमेल मिळायचं, त्यांनी कळवलं होतं, की जुन्या चालीचे मोडेम आता लवकरच बंद, पुढे नव्यांनाच जागा. आणि नव्यात रिले ठेवायचा तर सगळ्यांच्याच ठेवावा लागणार. एका घरासाठी वेगळा बोर्ड कोण छापून देतो?

म्हणून कात्रीने रिलेची जागा ठेवूनच बोर्ड आखला होता. बाकी सगळं दाबून, चेपून, रेघांना वळसे घालून बघितलं. पण रिले तो रिले. कुठूनही आत घ्या, नखाएवढं बाहेर येणारच.

शनिवारी ती लाकडाचा तुकडा आणि बोर्ड पिशवीत घालून घरी घेऊन आली. चहा झाल्यावर दोन्ही टेबलावर मांडून बसली. कंपास, पट्टी, बारीक टोकाची पेन्सिल. बाबा समोर बसले होते.

"काय आहे गं?"

"काही नाही. काम."

"कामाला हात लावू की नको?"

"लावा की."

बाबांनी बोर्ड उचलला, कडेवरून बोट फिरवलं, मग लाकूड उचललं. दोन्ही एकावर एक धरले आणि चारी बाजूंनी अंगठा फिरवला. चौथ्या बाजूला अंगठा थांबला.

"हे बाहेर आलंय."

"माहितीये."

"मग?"

"बसत नाही. रिले मोठा आहे."

बाबांनी बोर्डावरून बोट नेऊन रिले शोधला. त्याच्यावर बोट ठेवूनच विचारलं, "याच्याऐवजी दुसरं काही निघालेलं नाही का? एवढे दिवस झाले."

कंपनीत सगळ्यांसमोर बोललेलं खोटं इथे कात्रीच्या जिभेवर येईना. बाबांना तिचा चेहरा दिसत नव्हता, तेच जास्त कठीण होतं.

"निघालंय," ती म्हणाली.

"बसवून पाहिलंस?"

"पाहिलं."

"चालतं?"

"उत्तम चालतं."

बाबांनी बोर्ड खाली ठेवला. तो टेबलाच्या कडेला लागू नये म्हणून हाताने आत सरकवला, आणि मग म्हणाले, "म्हणजे हा माझ्यासाठी ठेवलायस."

तिला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत.

"तुम्ही मग करणार काय संध्याकाळी?" तिचा आवाज नको तेवढा चढला. "सांगा ना. दिवसभर खुर्चीत असता. ती टक झाली की तुमच्या तोंडावर काय येतं ते तुम्हाला दिसत नाही बाबा, मला दिसतं. ते मीच काढून बरणीत टाकू?"

बाबांनी टेबलावर हात पसरून पालथे ठेवले. बोटं अजून सरळ होती, मेकॅनिकची.

"तुला आमच्या एक्स्चेंजचं सांगितलंय का मी कधी? शेवटचं?"

"बंद झालं ते?"

"झालं नाही. मी केलं. रविवारची सकाळ होती, माझी पाळी. शेजारच्या खोलीत नवीन एक्स्चेंज तयार होतं. कपाटं एवढीशी, आवाज नाही, काही नाही. वरून सांगितलं, जुन्याचे फ्यूज काढा. काढले एकेक. प्रत्येक फ्यूजला आवाज कमी होत गेला. शेवटचा काढल्यावर इतकं शांत झालं, की मला माझाच श्वास ऐकू आला. घरी आलो आणि तुझ्या आईशी भांडलो, कशावरून ते आठवत नाही. तिने मात्र त्या दिवशी उलटून उत्तर दिलं नाही. वाईट वाटलं गं. खोटं कशाला बोलू? फार वाईट वाटलं. पण माझ्यासाठी म्हणून कुणी एखादं कपाट मागच्या खोलीत चालू ठेवलं असतं ना, की म्हाताऱ्याला टकटक ऐकू येऊ दे, तर मी शरमेने मेलो असतो."

"हे तसं नाहीये."

"तसंच आहे. किती घरांत जाणार हा मोडेम?"

"खूप."

"मग खूप घरांत माझा रिले कशाला? त्यांनी का भरावं माझं भाडं?" आता ते जरासे हसले. "तुला कात्री म्हणतात म्हणून मी शेजारपाजारी मिरवतो. आणि तू माझ्यासाठी बोथट झालीस. काढ तो."

कात्रीने पेन्सिल उचलली आणि परत खाली ठेवली. "मी एक करते. लाइन लागली की कॉम्प्युटरलाच आवाज करायला लावते. टुंई. सोपं आहे."

"नको."

"का?"

"टक म्हणजे काहीतरी खरंच लागलेलं असतं. लोखंड हललेलं असतं. टुंई म्हणजे नुसतं कुणीतरी सांगितलेलं. ते मला कशाला? मग तूच सांग की."

बाबा उठले, भिंतीला हात लावत आपल्या खोलीकडे निघाले आणि दारात थांबून म्हणाले, "मला वाईट वाटणार आहे. वाटू दे. त्याचं तू काही करायला जाऊ नकोस."

कात्री तशीच बसून राहिली. मग तिने कोरा कागद ओढला आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून आखायला घेतला. रिले निघाल्यावर बाकीचे पार्ट कसे सैलावून बसले! इतके दिवस वळसे घेत चाललेल्या रेघा सरळ झाल्या. इतका सुबक बोर्ड तिच्या हातून आजवर उतरला नव्हता, आणि तिला त्याचा रागच आला.

सोमवारी सकाळी ती आधी साहेबांच्या केबिनमध्ये गेली. "चिपची चाचणी झाली होती," ती म्हणाली. "बाकी आहे म्हणून सांगितलं ते खोटं होतं."

साहेबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. त्यांना तिच्याकडे नीट बघायचं होतं. "का?"

"घरचं होतं काही."

"मिटलं?"

"मिटलं."

साहेब बराच वेळ लाकडाचा तुकडा बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, "पुन्हा असं काही असलं तर आधी माझ्याकडे या. खोटं बोलायला काय, ते इथे सगळ्यांनाच जमतं. तुम्ही नका शिकू." आणि त्यांनी आखणी मागितली. आखणी लाकडाच्या आत होती, चारी बाजूंनी.

नमुना छापून आला, पार्ट बसले, मोडेम चालला. दुसऱ्या दिवशी बरणीपुढे खोली जमली. खरेदीवाला खुशीत होता. "बाई, या खेपेला भाषण तुमचंच. मी एकदा रडून दाखवलंय, आता तुमची पाळी."

कात्रीच्या तळहातावर रिले होता, काळा, चौकोनी, सुईसारखे बारीक पाय असलेला. तिने तो बरणीत सोडला. खाली पडताना त्याचा काचेवर आवाज झाला.

"हा कामाचा होता," ती म्हणाली. "हा होता तोवर, लागलं की नाही ते डोळ्यांनी बघायला लागत नव्हतं. एवढंच."

पुढे गंमत येईल म्हणून लोक थांबले. गंमत आली नाही. खरेदीवाला उगाचच घसा साफ करत म्हणाला, "चला, चहा निवतोय," आणि सगळे चहाकडे वळले.

नवा कॉम्प्युटर नव्या मोडेमसकट घरी आला तेव्हा जुन्या डब्या, वायरी, सगळंच टेबलावरून गेलं. मोडेम आता कॉम्प्युटरच्या कुशीतच सरकवलेला होता. हात ठेवायला डबी नव्हती. कडेला एक हिरवा दिवा तेवढा राहिला होता, टाचणीच्या डोक्याएवढा. लाइन चालू असली की तो जळे. त्याला जागा लागत नव्हती आणि किंमतही नव्हती म्हणून कुणी त्याच्या वाटेला गेलं नव्हतं, अगदी कात्रीसुद्धा. बाबांच्या तो काही कामाचा नव्हता.

संध्याकाळी बाबा नेहमीसारखे येऊन बसले. हात पुढे केला, डबी नाही हे ध्यानात आलं, आणि मग हात तिथेच टेबलावर ठेवला.

"लाव," ते म्हणाले.

कात्रीने लाइन लावली. कसलाच आवाज झाला नाही. बाबांचा चेहरा तिने आधी कधी बघितला नसेल इतका कोरा होता, कुणी आपल्याशी बोलतंय की नाही हे न कळलेल्या माणसाचा. तिला ते सोसवेना. दिवा लागला, आणि ती काही ठरवण्याआधीच तिचं नख टेबलावर वाजलं. टक.

बाबांचं बोट हललं.

"हे रिलेचं नव्हे," ते म्हणाले.

"नाही."

"नख आहे."

"हो."

"तुझा रिले जरा सावकाश चालतो." ते विचार करत राहिले. "म्हणजे तू सांगतेयस."

"हो. मीच सांगतेय."

"मग चालेल," बाबा म्हणाले, आणि बोट टेबलावर दाबून दुसऱ्या टकेची वाट बघू लागले. श्वास धरला. दुसरी आली नाही. मांडीवर थाप पडली, पूर्वीइतकी जोरात नाही, पण पडली. "लागली!"

कात्रीने वाचायला घेतलं. भाचीच्या वर्गात एक कासव होतं आणि ते परवापासून हरवलं होतं. सगळ्या शाळेने बाकांखाली रांगून शोधलं, शेवटी ते मोठ्या बाईंच्या टेबलाच्या खणात सापडलं. तिथे ते कसं गेलं, हे बाईंनी अजून कुणाला सांगितलेलं नाही. "आजोबा, तुम्हाला काय वाटतं?" असं तिने शेवटी विचारलं होतं.

"बाईच घेऊन गेल्या असणार," बाबा म्हणाले. "एकट्या राहत असतील. लिही तिला, म्हणावं बाईंवर ओरडू नका." कात्रीने ते लिहिलं. पाठवून झाल्यावर लाइन बंद केली, आणि दिवा विझला.

आता दुसरी टक द्यायची होती. तिने बोट उचललं. बाबा अजून कासवावरच होते. चेहरा कॉम्प्युटरकडे, ओठांच्या कोपऱ्यात हसू, बोट टेबलावर तसंच. टक दिली की ते "झालं" म्हणणार, उठणार, भिंतीला हात लावत खोलीत जाणार. तिचं बोट तसंच वर राहिलं.

बाहेर कुणीतरी सायकल लावून जिना चढलं. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली. बाबा बसून होते.

"अजून लागलेलीच आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे," ती म्हणाली.

"राहू दे मग जरा."

तिने बोट मुडपून हात मांडीवर घेतला आणि त्यांच्या शेजारी बसून राहिली.